मदत मागण्याचा बिल्ला

महेबूब सर गेल्याची बातमी आली, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात बिल्ल्यांसाठी कापड कापत बसले होते. फोन त्यांच्या पुतण्याचा होता. पहाटे छातीत दुखायला लागलं, तर सर शेजारीपाजारी कुणालाही न उठवता जळकोटच्या स्टॉपवर आले, दवाखाना गाठायला मिळेल त्या एसटीत बसले आणि धाराशिवच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या कोसळले... मी त्यांच्या मागच्याच गल्लीत राहते. आमची गाडी दारात उभी होती. दुःख झालंच, पण खरं सांगते, आधी राग आला.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची; शिकवायला सर आणि मी. बक्षिसं ठरलेल्या दोन-तीन घरांतच जायची आणि बाकीची पोरं टाळ्या वाजवायची. सरांना ते खुपायचं. म्हणून त्यांनी बिल्ले काढले. शर्टाला बटण लावता आलं, बाजारातून भाजी आणता आली, भांडणानंतर आपण होऊन बोलता आलं, हरल्यावर पुन्हा खेळायला उतरता आलं, की रंगीत कापडाचा एक बिल्ला मिळायचा आणि सोबत सुईदोरा. बिल्ला ज्याचा त्यानंच गणवेशावर शिवायचा, आईनं शिवलेला चालायचा नाही. त्यामुळं आमच्या पोरांच्या छातीवर सरळ बसलेला बिल्ला मी कधी पाहिला नाही. पालक सुरुवातीला कुरकुरले. "गुरुजी, पोरांना शिकवा की, हे शिवणकाम कशाला?" सर वाद घालायचे नाहीत, त्यांना चहा पाजायचे.

सगळ्यात अवघड होता मदत मागण्याचा बिल्ला. त्यासाठी परिपाठात उभं राहून "मला हे जमत नाही, मदत करा" असं म्हणायचं. चांगली धीट पोरंसुद्धा तिथं अडायची. चौथीतली शिवकन्या तर हटूनच बसली. वडील अंथरुणाला खिळलेले, आई रोजानं जाणारी, घरातलं सगळं हीच बघायची. बाकीचे बिल्ले तिनं कधीच मिळवले होते. हाही देऊन टाका म्हणून मी सरांच्या मागं लागले, पण ते ऐकेनात. तिला जवळ बोलावून म्हणाले, "सगळं येतंय तुला, बेटा. पर एकटीनं किती वढशील?" बरेच दिवस गेले. मग एका सकाळी ती उठली आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "सर, मला भागाकार येत न्हाय. कुणीतरी शिकवा." सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

आणि हाच माणूस स्वतः कुणाला काही मागायचा नाही. त्यांची बायको, आमच्या भाभी, वारल्यापासून एकटेच राहायचे. ताप असला तरी शाळेत हजर. मी डबा दिला, तर दुसऱ्या दिवशी त्यात खजूर भरून परत. "सर, तुम्हाला तो बिल्ला काय मिळायचा नाही," असं मी चिडवायचे. "मी परीक्षक हाय बाई, परीक्षकाला कशाला बिल्ला?" जायच्या आदल्या दिवशी फळ्याला टेकून उभे होते, तेव्हाही विचारलं मी. "पित्त झालंय," म्हणाले आणि खडू उचलला.

परिपाठ संपताना सर एकच विचारायचे, "आज कुणाला काय जमंना झालंय?" सगळे उरकायच्या घाईत असले तरी ते उत्तरासाठी थांबायचे. त्यांच्यामागं हे विचारायचं काम माझ्याकडं आलं. परवा मी विचारलं. कुणीच उठलं नाही. सगळी पोरं माझ्याकडंच बघत होती. शेवटी मीच म्हणाले, "मला जमत नाही, पोरांनो. सरांच्या जागी उभं राहायला जमत नाही. मदत करा."

शिवकन्या उठली. "बाई, तुम्ही बसा. आमी घेतो परिपाठ."

मी पोरांच्या रांगेत सतरंजीवर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. शेजारच्या पहिलीतल्या पोरीनं सरकून मला जागा करून दिली. सर, एवढंच तर करायचं होतं... माझ्या दाराची कडी वाजवायची होती.