मडहाऊसातली बाई

"बॉडी पीछे से निकालो. आगे गेस्ट लोग चाय पी रहे हैं."

मालक असं बोलला. माही बायको, सगुणा, तवा अंगणात खाटेवर होती. मेलेली. आंघोळ घालून, पांढरी साडी नेसवून, बुद्धवंदना होऊन गेलती. आमच्यात मढं समोरून जाते, लोकांच्या मधातून. लोकं उभी होती. मी म्हणालो, "मालक, पाच मिनटाचं काम आहे."

"समझा करो काका. पैसा देके आए हैं, लाश देखने नहीं."

मागं काटेरी तार होती. मीच बांधलेली. मीच पकडीनं तोडली. तिरडी वाकडी करून काढली. साडी तारेले अडकली, फाटली. मी हातानं सोडवली आणि चाललो. त्या दिवसाची किळस अजून येते. मालकाची येते, माही त्याच्याहून जास्त येते.

लामता गावाच्या पुढं, जंगलाच्या रस्त्यावर त्याची जागा. बावीस वर्षं राबलो तिथं. मी राखण करी, सगुणा झाडझूड, सारवण. मालकाच्या तोंडात हाऊसच हाऊस. तो राहे ते फार्महाऊस. पाहुणे उतरत ते गेस्टहाऊस. मोटर होती ते पंपहाऊस. आमची खोली औटहाऊस. सगुणानं तिच्या भिंती पांढऱ्या छुई मातीनं पोतल्या, बोटानं मोर काढले. शहरातल्या बायांले ते आवडलं. मग मालकानं पाटी ठोकली, मडहाऊस, म्हंजे मातीचं घर. आमी रायत होतो तेच तिकीट लावून दाखवू लागला.

सगुणा लाल साडी नेसून चुलीपाशी बसे, बाया तिथं येत. "अम्मा, पल्लू सिर पे लो ना." फोटो काढत. तांदळाची भाकर खात, होमफूड म्हणत. सगुणा मले म्हणे, "पाहा जी, अस्वलावानी पाह्यतात मले. आता नाचू का?" आमी हसत होतो. हसायचं नव्हतं.

पाहुण्यांले मालक सांगे, ये तो अपनी फॅमिली है. तिच्या हातचं पाणी बावीस वर्षांत घेतलं नाही त्यानं. काहून, ते कधी बोलला नाही. आमचे कप वेगळे ठेवले होते. बोलायची गरज नव्हती.

ती गेल्याच्या चौथ्या दिवशी आला. मी चुलीपाशीच बसलो होतो. चूल थंडी.

"काका, इतवार को बड़ी पार्टी है. चूल्हा जलना चाहिए. बस्ती से कोई बाई लाके बिठा दो. वही लाल साड़ी पहना दो."

"सगुणाची?"

"हाँ तो. फोटो में सब एक जैसी दिखती हैं."

थुकलो. त्याच्या जोड्यापाशी पडलं.

"नाही बसवत," मी म्हणालो.

"दिमाग ठिकाने पे है?"

"आज आलं ठिकाण्यावर. हाऊस तुहं असंल. चूल तिची होती."

पयल्यांदा त्याले तू म्हणालो. लोखंडी सब्बल घेतली आणि चूल फोडली. तिच्या हाताची माती, तिच्या बोटांचे ठसे, सारं फोडलं. रडलो नाही. साडी घडी करून काखेत मारली. गेस्ट लोकं कप घेऊन पाह्यत राह्यले. एकानं मोबाईल काढला. मी त्याच्यासमोर उभा राह्यलो, म्हणालो, "काढ. पण हे पण लिही, इथली बाई मेली आणि मालकाले तिच्या जागी दुसरी पायजे."

त्यानं मोबाईल खिशात घातला.

आता वारासिवनीले राइस मिलच्या मागं राहतो. टिनाची खोली. परवा बाजारात कळलं, मालकानं नवी चूल बांधली. लामत्याची एक विधवा बाई बसवली. दुसरी लाल साडी आणली तिच्यासाठी.

उद्याच्या पयल्या बसनं जाऊन राह्यलो. आधी त्या बाईच्या दारी जाईन. हे सारं तिले सांगीन. तिले पोट भरायचं आहे, ती उठंल का नाही, ते तिनं ठरवावं. पण इतवारी मी त्या पाटीखाली उभा राहीन. येणाऱ्या प्रत्येक गाडीले हात दाखवून थांबवीन. हाकललं तर रस्त्यावर जाईन, रस्ता सरकारचा आहे. तिथून ओरडून सांगीन. माह्या बायकोचं नाव सगुणा होतं. ती मेली. तिच्या जागी कोणाले बसवू देणार नाही.