कुठलं गाव, बाबा?

एलिझाबाई साळवे गेल्या त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना दवाखान्यात भेटले होते. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती, पण ओठ हलत होते. माझ्याकडे बघून नव्हे... माझ्या खांद्यावरून मागे, भिंतीशी कुणी उभं असावं तसं तिकडे बघत. ओठ हलायचे, थांबायचे, समोरच्याचं ऐकून घ्यावं तितका वेळ जायचा आणि पुन्हा हलायचे. "सकाळपासून हेच चाललंय, मावशी," त्यांची मुलगी रूथ म्हणाली. "पलंग फिरवून पाहिला, तरी मान वळवून तिकडंच बघते." मी मागे वळून पाहिलं. सलाईनचा स्टँड आणि पिवळी भिंत, एवढंच. तरीही निघताना त्या भिंतीजवळून जायचं मला धाडस झालं नाही. पलंगाला वळसा घालून मी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी रूथचा फोन आला.

आमच्या चर्चच्या बाजूच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी मोठ्या माणसांचा अभ्यासवर्ग भरतो. शास्त्रातला एखादा भाग वाचायचा आणि आपल्या सोलापुरात तो कुठे लागू पडतो यावर बोलायचं, असा शिरस्ता. विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी, गटारात उतरणारी माणसं, कुंभारीकडच्या वसाहतीतलं पाणी... बोलण्यात आम्ही कधी मागे पडलो नाही. वर्ग चालवायचे बँकेतून निवृत्त झालेले भालेराव सर. मी शाळेत शिकवणारी, त्यामुळे वाचन माझ्याकडे. आणि एलिझाबाई टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या ऑपरेटर. ट्रंक कॉलच्या काळात कानाला हेडफोन लावून त्यांनी मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषांत अख्ख्या जिल्ह्याला दरडावलेलं. वर्गातही त्या दरडावायच्याच. उपाशी, परका, कैदी यांच्यात प्रभूला ओळखायचं, हा भाग आम्ही वाचत होतो. सरांचं विवेचन रंगात आलेलं असताना बाईंनी मध्येच विचारलं, "आणि परका मेल्यावर? मग त्याला कुणी ओळखायचं?"

सर म्हणाले, हा विषयाला सोडून प्रश्न आहे. बाई म्हणाल्या, "बरं." आणि पुढच्या आठवड्यात त्या मला शवागारात घेऊन गेल्या.

स्टेशनजवळ, रस्त्याकडेला सापडलेली, कुणी नातेवाईक नसलेली माणसं तिथे काही दिवस ठेवतात, आणि कुणीच आलं नाही की पोलीस आणि पालिका मिळून त्यांचं आटोपतात. ओळखीच्या एका हवालदारामुळे बाईंना आत सोडायचे. तिथला कर्मचारी शंकर त्यांना बघताच स्टूल पुढे करायचा. बाई बसायच्या नाहीत. त्या दिवशी एक म्हातारा होता. बाई त्याच्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि फोनवर बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "कुठलं गाव, बाबा?" मग थांबल्या. मग दखनीत, "कौन गाँव के तुम, चाचा?" पुन्हा थांबल्या. मग तेलुगूत. प्रत्येक वेळी त्या खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या, आणि मला हसू येत नव्हतं. शेवटी त्यांनी कानडीत विचारलं, "याव ऊरु, अज्जा?"

मला काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. पण कुणी आपल्याकडे पाठ करून बसलेलं असावं आणि त्यानं मान वळवावी, तसं काहीतरी त्या खोलीत झालं. शंकर दारातून दोन पावलं मागे सरकला. बाईंनी मान किंचित कलती केली, बराच वेळ तशाच राहिल्या, मग "हौदा?" म्हणाल्या... खरंच का, असं विचारावं तसं. बाहेर आल्यावर त्यांनी हवालदाराला सांगितलं, "अक्कलकोटच्या पलीकडं चौकशी करा. घरी मुलगी आहे."

आणि मुलगी आली. मी स्वतःला समजावलं की म्हाताऱ्याच्या धोतराची नेसण बाईंनी पाहिली असेल, कपाळावरचं भस्म पाहिलं असेल. मुलगी तर कुणालाही असते. पण त्या मुलीला बाईंनी बाजूला नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं, तेव्हा ती रडता रडता एकदम हसली आणि बाईंचे दोन्ही हात धरून उभी राहिली. येताना रिक्षात मी विचारलं, "काय सांगितलंत तिला?"

"ते त्यांचं खासगी," बाई म्हणाल्या. "ऑपरेटर बाहेर सांगत नसतो."

बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. बाई चारही भाषांत विचारायच्या, थांबायच्या, आणि "लाइन नाही लागली," एवढंच म्हणून बाहेर यायच्या. त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. मात्र गोष्ट चर्चमध्ये पसरली तशी वर्गात वादावादी झाली. भालेराव सर संतापले होते. "उद्या लोक म्हणतील, हे मेलेल्यांचं धर्मांतर करतात. आपण आधीच मूठभर माणसं. वर्गाचं नाव यात नको."

"मी प्रार्थना म्हणत नाही तिथं," बाई म्हणाल्या. "गाव विचारते. गाव विचारायलाही कमिटीची परवानगी लागते का, सर?"

त्यांची भीती खोटी होती असं मलाही म्हणता येत नव्हतं, म्हणून मी पुढचा भाग वाचायला घेतला. बाई त्यानंतरही दर गुरुवारी येत राहिल्या, वाद घालत राहिल्या. सर आणि त्या एकमेकांशी मात्र शास्त्राच्या ओळींपलीकडे बोलले नाहीत, ते शेवटपर्यंत. अंत्यविधीला सर आले, माती दिली आणि कुणाशी न बोलता गेले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी एका गुरुवारी दुपारी शंकरचा मला फोन आला. "बाईंचा फोन लागंना. एक म्हातारी हाय हितं, लई दिवस झालं. उद्या न्येतेत तिला." मी त्याला बाई गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "आसं कसं? काल दुपारी आत बोलत हुत्या की. मी भाईरनं आवाज ऐकला, म्हनलं बाई आल्यात. बगाया गेलो तर कुनी न्हाय."

संध्याकाळी वर्गात मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. कुणी हसलं नाही. सरांनी पुस्तक मिटलं, चष्मा खिशात ठेवला आणि उठून म्हणाले, "चला."

आम्ही दोघंच गेलो. शंकरनं दार उघडून दिलं आणि तो उंबऱ्यापाशीच थांबला. म्हातारी अगदी लहानखुरी होती, हातावर हिरवं गोंदण. मी विचारलं, "कुठलं गाव, आजी?" माझा आवाज मलाच परका वाटला. खोली तशीच राहिली. माझ्यापाशी दुसरी भाषा नव्हती. मी सरांकडे पाहिलं. ते पुढे झाले, घसा साफ केला आणि अवघडून म्हणाले, "मीदि ए ऊरु, अम्मा?"

"सर, तुम्हाला तेलुगू येतं?"

"आई बोलायची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बँकेत लागलो आणि सोडलं मी. ती शेवटपर्यंत तेलुगूतच बोलत राहिली, मी मराठीत उत्तरं देत राहिलो..."

त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी शब्द सुटे आले, अडखळले नाहीत. मग ते गप्प झाले. बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली, तो आवाज दूर गेला. पंख्याची घरघर मला एकाएकी ऐकू येईनाशी झाली. सर खाली वाकले होते, कान म्हातारीकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. कुणीतरी फार जुन्या नावानं हाक मारावी तसा. मला तिथं उभं राहवेना. मी हळूच म्हटलं, "सर, निघू या का आता?"

त्यांनी मागे न बघता हात वर करून मला थोपवलं.

"जरा थांबा," ते म्हणाले. "यांचं बोलणं व्हायचंय अजून."