सुधाचे ४८,७००

गेल्या रविवारी दुपारी माळा आवरताना विटा रचायचा जुना ब्रिक गेम सापडला. हजर होतो मी आणि माझी धाकटी बहीण सुधा. त्यातला सर्वांत मोठा आकडा एकेकाळी होता ४८,७००. तो तिचा, आठवीतला. माझा ३१,२००च्या वर कधी गेलाच नाही.

त्या खेळात सेल असेपर्यंतच आकडा टिकायचा, म्हणून ती मागच्या झाकणाला कुणाला हात लावू देत नसे. एके दिवशी मी सेल काढले आणि घड्याळाला हवे होते म्हणून सांगितलं. घड्याळ तर चालूच होतं.

पुढे मी कॉम्प्युटरवर गाड्या पळवल्या, आता मोबाइलवर गोळ्या फोडतो. तिथले आकडे कुणी पुसत नाही आणि मला त्यातला एकही आठवत नाही. पुसलेला तेवढा पाठ आहे.

नवे सेल घातले. पडद्यावर शून्य. सुधाची बोटं आता संधिवातानं आखडतात. तिचे तीनशे झाले, माझे बाराशे.

"हरलीस!" मी म्हणालो, आणि मला खरोखर आनंद झाला.

"तीस वर्षं लागली तुला, दादा." तिनं शांतपणे मागचं झाकण उघडलं.

"अगं, काय करतेस?"

"घड्याळाला हवेत."

दोन्ही सेल तिच्या पर्समध्ये गेले. मी परत मागितले नाहीत.