प्रार्थनेच्या वेळी वर कोण

त्या वृद्धाश्रमात तिला सगळेच मावशी म्हणत. तिच्याहून थोरली माणसंसुद्धा. आश्रम एका धार्मिक संस्थेचा. खाली कचेरी आणि प्रार्थनेचा हॉल, वर अंथरुणाला खिळलेली माणसं. त्यांना कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, पाठ पुसायची. या कामावर संस्थेचं कुणी टिकेना, तेव्हा मावशीला घेतलं होतं. ती दुसऱ्या धर्माची. त्यावेळी ते कुणी विचारलं नाही. उलट सोयच झाली. संध्याकाळी झाडून सगळे प्रार्थनेला खाली जात आणि मावशी वर थांबे.

यंदा संस्थेला सरकारी अनुदान मंजूर झालं. मावशीची रोजंदारी जाऊन पगाराची, कायमची जागा होणार होती. नवऱ्याची कंबर गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या हातावर चालत होतं. तिने आनंदाच्या भरात शेजारणीला सांगूनही टाकलं.

मग एक दिवस व्यवस्थापकांनी, म्हणजे भाऊंनी, तिला कचेरीत बोलावलं.

"बस मावशी. चहा घेतेस?"

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकली. भाऊ एरवी पाणीही विचारत नसत.

"विश्वस्तांचं म्हणणं असं, की कायमचा माणूस आपल्यातला हवा. प्रार्थनेला बसणारा."

"पगार सरकारच देणार ना?"

"हो."

"मग त्यात माझेही पैसे आले की, भाऊ. साबणाची वडी घेतली तरी कर भरते मी."

भाऊ पंख्याकडे बघू लागले. "माणसं निवडायची मोकळीक संस्थेला आहे म्हणे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या मोठे विश्वस्त येतायत. ते तुला ओळखत नाहीत. गुपचूप येऊन बस. तुझ्या मनात कोण शिरून बघतंय?"

घरी लेक भांडी घासता घासता म्हणाली, "बस की, आई! डोळेच मिटायचे ना? तशीही तू जेवल्यावर बसल्याबसल्या मिटतेसच."

नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "पगार आण बाई. पण चार लोकांत मला तोंड दाखवता येईल असं बघ."

"तुम्ही कधी बाहेर पडता तोंड दाखवायला?" मावशी फटकन बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर ही बातमी तिच्या आधी पोचली होती. निवृत्त पोस्टमास्तर खाटेवरून म्हणाले, "खुशाल जा, मावशी. देव फसायचा नाही, पण विश्वस्त फसतील."

पलीकडची शिंपीणबाई हसली नाही. "मग आमच्याजवळ कोण?"

"आत्ता येते. लागलं तर ही वाजव." मावशीने तिच्या हाताशी एक घंटी ठेवली.

हॉलमध्ये ती शेवटच्या ओळीत बसली. इतकी वर्षं खालून ऐकू येणारी प्रार्थना तिला अख्खी पाठ होती. कुठल्या कडव्याला आपण कुठल्या खाटेशी असतो, तेसुद्धा. तोंड उघडलं आणि शब्द आपसूक आले. मोठ्या विश्वस्तांनी मागे वळून कौतुकाने पाहिलं. तेवढ्यात वर घंटी वाजली. कुणी डोळे उघडले नाहीत. पुन्हा वाजली. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठणार, तर विश्वस्त अजून तिच्याकडेच बघत होते. ती पुन्हा बसली. तिने आवाज चढवला. घंटी स्वतःलाही ऐकू येऊ नये इतका.

"या बाईंना काय विचारायचं? घ्या ठेवून," प्रार्थनेनंतर विश्वस्त म्हणाले. मावशी तोवर जिन्यात पोचली होती.

शिंपीणबाईचं अंथरूण ओलं झालं होतं. "मी वाजवली होती गं," एवढंच ती म्हणाली आणि तिने हाताने तोंड झाकून घेतलं. मावशीने तिला पुसलं, चादर बदलली आणि तशीच ओल्या हातांनी खाली गेली.

"भाऊ, उद्यापासून प्रार्थनेच्या वेळी वर कोण?"

"बघू काहीतरी."

"बघू म्हणजे कोण?"

"अगं, आत्ता कुठे जमलंय. ताणू नकोस."

"मग मी नाही बसत. आणि मी तुमच्यातली नाही, हेही सांगा त्यांना."

भाऊंनी सांगितलं. जागा गेली. लेक दोन दिवस बोलली नाही. नवरा म्हणाला, "मी सोडून दे असं थोडंच म्हणालो होतो?"

नव्या जागेवर संस्थेतली एक बाई आली. महिनाअखेरपर्यंत मावशीने तिला काम शिकवायचं होतं. बाई कष्टाळू होती, हात हलका होता. मावशीला तिचा राग धरायचा होता, पण धरवेना.

संध्याकाळी खाली प्रार्थनेची घंटा झाली. नव्या बाईने हात धुतले आणि दारात घुटमळली.

"मावशी, तुम्ही गेल्यावर या वेळी यांच्याजवळ कोण थांबणार?"

"भाऊंना विचार."

"विचारलं. बघू म्हणाले. मीच थांबत जाऊ का?"

खाली प्रार्थना सुरू झाली होती. मावशी पोस्टमास्तरांना कुशीवर वळवत होती. तिने मान वर केली नाही.

"जा तू खाली," ती म्हणाली. "नाहीतर तुझीही जागा जाईल."