रविवारची चाकं

माझा नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होता. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, म्हणून लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करायचे. सासूबाईंना ते कधी पटलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही एक जुनी पांढरी गाडी घेतली. आमच्या कॉलनीतली ती पहिली चारचाकी. त्या गाडीतून मी शाळेत शिकवायला जायचे, सासऱ्यांना आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचो, आणि एखाद्या रविवारी नवरा ती ट्रॅकवर पळवायचा.

ट्रॅक म्हणजे दिंडोरीच्या बाजूला बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारातला डांबरी रस्ता. आवाराला वळसा घालून तो पुन्हा फाटकापाशी यायचा. गाड्यांचे शौकीन मालकाची परवानगी काढून तिथं जमायचे. शर्यत नसे. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, मग पुढची. नाशकात या गोष्टीचं वेड असलेली माणसं बरीच होती, पण बहुतेक पैसेवाली. आमच्यासारखी रोजचीच गाडी घेऊन येणारी थोडी.

त्या गाडीला मूळच्या लोखंडी रिम होत्या आणि उंच, मऊ बाजूंचे टायर. जोरात वळलं की टायर अंगावर लोळल्यासारखे व्हायचे आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ घसरायची. एका हिवाळ्यात त्यानं ठरवलं की चाकं बदलायची. मग घरात दुसरा विषय उरला नाही. जेवताना तो मला समजावून सांगायचा. रुंद टायर घेतले तर पकड येते, पण घरातली सगळी बसली की मागची चाकं मडगार्डला घासतील. फार बुटके घेतले तर नाशिकरोडच्या खड्ड्यांत रिम फुटेल. मऊ रबर ट्रॅकवर उत्तम, पण शाळा-बाजार करण्यात चार महिन्यांत झिजून जाईल.

"मग रोजची वेगळी ठेव, रविवारची वेगळी," मी म्हटलं.

तेच ठरलं. लोखंडी रिम रोजसाठी. हलक्या अलॉय रिम आणि मऊ रबराचे टायर ट्रॅकसाठी. ते जाण्याआधी घरीच चढवायचे.

दुकानदार मोठ्या चकचकीत रिम दाखवत होता. "या बसवा साहेब, गाडी कशी दिसते बघा."

"दिसायला नकोय, वळायला हवीय," नवरा म्हणाला. त्यानं दुकानातला वजनकाटा मागून घेतला आणि प्रत्येक रिम त्यावर ठेवून पाहिली. शेवटी सगळ्यांत साधी दिसणारी, सगळ्यांत हलकी निवडली. निघताना त्यानं विचारलं, "याला नट वेगळे लागतील का?"

"काही लागत नाही. तेच बसतात. रोजच बसवतो मी."

बसले खरेच. घरी त्यानं पाना लावून स्वतः आवळले, वर पाय देऊन दाबले. मी पाहिलंय.

त्या रविवारी मीही गेले होते. फेब्रुवारी असावा, कारण रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांची काढणी चालू होती. नवीन चाकांवर गाडी वेगळीच झाली होती. वळणावर आता ती घसरत नव्हती, रस्त्याला धरून फिरत होती. हेल्मेट काढून तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा घामानं भिजला होता आणि तो हसत होता. मुलगा झाला तेव्हाही तो इतका मोकळा हसला नव्हता.

दुपारी जेवून आम्ही परत निघालो. लोखंडी चाकं घरी होती, त्यामुळे त्याच चाकांवर. कारखान्याचं फाटक ओलांडल्यापासून पुढून आवाज यायला लागला.

"काय वाजतंय रे?"

"खडी असेल. तापलेल्या रबराला चिकटते. पुढे जाऊन पडेल."

आधीच्या टायरांनाही दोनदा तसं झालं होतं, म्हणून मला ते पटलं. तो अगदी सावकाश चालवत होता. मग स्टिअरिंग थरथरलं, गाडी माझ्या बाजूनं खाली बसली आणि लोखंड डांबरावर घासल्याचा आवाज झाला. खिडकीबाहेरून आमचंच चाक आमच्या पुढे निघून गेलं. उतार होता. थांबेल असं वाटलं, पण ते सरळ पुढच्या फाट्यावर गेलं. तिथं द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका जीपची वाट बघत बसल्या होत्या. एक रस्त्याकडे पाठ करून गाठोड्यावर बसली होती.

बाकीच्या ओरडल्या. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तेवढा वेळच नव्हता.

द्राक्षांचे क्रेट घेऊन चाललेला एक टेम्पो थांबला. क्रेट बाजूला सरकवून आम्ही तिला वर घेतलं. सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्यापेक्षा लहान असावी. हातांना द्राक्षांचा चिकटपणा होता. दिवस मावळायच्या आत ती गेली.

गाडी तपासायला आलेल्या अधिकाऱ्यानं पोलीस ठाण्याच्या आवारात आम्हाला एक नट हातात घेऊन दाखवला. लोखंडी रिमच्या नटाच्या टोकाचा निमुळता उतार वेगळा, अलॉयच्या रिमच्या नटाचा वेगळा. जुना नट नव्या रिममध्ये फिरतो, घट्ट लागतो, पण बसतो फक्त कडेवर. जोरात वळणं घेऊन, ब्रेक तापून तो सुटत जातो. नवरा पायरीवर बसला. म्हणाला, "रबराचा इतका विचार केला मी. नटाचं फक्त विचारलं."

त्या बाईच्या घरची माणसं पेठच्या बाजूची, डोंगरातली. भात निघाला की कामासाठी खाली उतरायची. आमच्या वकिलानं जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी आम्ही त्यांच्या पाड्यावर गेलो. तिचा नवरा अंगणात उभा राहिला. आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

त्यानं विचारलं, "तुम्ही तिकडं कुठं जायाला निघालते?"

"परत येत होतो," नवरा म्हणाला. "तिथं एका आवारात आम्ही गाड्या पळवतो."

"मंजे कुठं जात्या गाड्या?"

"कुठं नाही. गोल फिरून तिथंच येतात."

"काम काय पण?"

तो माणूस उत्तराची वाट बघत राहिला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. घराच्या दारात एक म्हातारी मांडीवर लेकराला घेऊन बसली होती. तिनं आमच्याकडे एकदाही बघितलं नाही.

कोर्टात वकिलाचं म्हणणं होतं की खड्ड्यामुळे चाक निघालं असं सांगायचं. नवऱ्यानं ऐकलं नाही. नट चुकीचे होते, ते आपणच आवळले, आवाज येत असूनही गाडी थांबवली नाही, हे सगळं त्यानं सांगितलं. मला त्याचा राग आला होता. घरात लहान मुलगा होता, नोकरी टांगणीला होती. आम्ही त्यावरून फार भांडलो, आणि काही दिवसांनी भांडायचंही थांबलो. शिक्षा झाली, अपिलात ती दंडावर आली. नोकरी राहिली, बढती मात्र कायमची अडकली. दुकानदार पुढेही तेच सांगून रिम विकत असेल. त्याला कुणी बोलावलंच नाही.

पोलिसांकडून सुटून आलेली गाडी आम्ही भंगारात दिली. नवरा बसनं एकलहऱ्याला जायला लागला. निवृत्त होईपर्यंत तो कुठल्याच गाडीच्या पुढच्या सीटवर बसला नाही.

खटला चालू होता तोवर त्या बाईच्या नवऱ्याला साक्षीसाठी पेठहून यावं लागायचं. तारीख पुढे ढकलली की तो कोर्टाबाहेरच्या टपरीवर उभा राहायचा. माझा नवरा चहा सांगायचा. दोघं शेजारी उभं राहून चहा प्यायचे, आणि मग तो माणूस एसटी स्टँडकडे चालू लागायचा. निकालानंतर तो आम्हाला कधी दिसला नाही.