लाल पट्टी कुठे ठेवतेस?

बायकांचे अनुभव छापणाऱ्या त्या वेबसाइटवर माझा पहिल्यापासून भरवसा नव्हता. फुकटात इतक्या प्रेमाने ऐकून घेणारं माणूस मी सिल्वासात शिक्षिका म्हणून आल्यापासून तरी पाहिलेलं नाही. ‘मोकळेपणाने लिहा, नाव गुप्त राहील,’ असं संपादकबाईंनी कळवलं, तेव्हा तर मी अधिकच सावध झाले. नाव गुप्त ठेवणाऱ्याकडे नाव असतंच की!

तरी लिहिलं, कारण खालच्या मजल्यावरची शेजारीण हट्टाला पेटली होती. ती मूळची धुळ्याकडची, जवळच्या सायली गावातल्या एका प्लॅस्टिकच्या कंपनीत पॅकिंगला. तिथे बायकांना संडासला जायचं तर सुपरवायझरच्या टेबलावरची लाकडी पट्टी मागून घ्यावी लागे. अख्ख्या लाइनला एकच पट्टी, लाल रंगवलेली. गेलेली बाई परत येईपर्यंत बाकीच्यांनी कळ काढायची. ऐकून माझं डोकंच फिरलं.

लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, तर ती माझ्याकडेच संशयाने बघायला लागली. कंपनीचं नाव काढा. सायली काढा. धुळं काढा. “आणि ते कडीचं तर काढाच मॅडम, लाज वाटते.” कडीचं म्हणजे असं, की संडासच्या दाराची आतली कडी कधीची तुटली होती. बायका आत गेल्या की तीच पट्टी दाराच्या फटीत घट्ट अडकवायच्या, म्हणजे दार उघडत नसे. तेही काढलं. शेवटी उरली ती लाल पट्टी. एवढ्यावरून कोण ओळखतंय, असं आम्ही एकमेकींना समजावलं.

लेख आला. खाली ‘सलाम’, ‘अंगावर काटा आला’ वगैरे प्रतिक्रिया आल्या. बसल्या जागी सलाम करायला काय जातं! मग एका बाईच्या नावाने वेगळीच प्रतिक्रिया आली. ‘बहन, मी पण त्याच लाइनला आहे. एकत्र तक्रार करू. तुझा नंबर दे.’

शेजारीण हरखली. लाइनमधली एकही बाई उघड तक्रारीचं नाव काढत नव्हती, आणि आता कोणीतरी आपणहून सोबतीला येत होतं. नंबर टाकायला तिने मोबाइल हातात घेतलासुद्धा. मी तो काढून घेतला. बाईच्या नावाने सुपरवायझरच लिहीत असला तर? नंबर कळला की माणूस कळणार आणि हिची नोकरी जाणार. नवऱ्याचं काम आधीच सुटलेलं, घर हिच्या एकटीच्या जिवावर.

“तुम्हाले सगळेच चोर दिसतात,” ती रागावली.

“दिसतात. आधी तिची परीक्षा घेऊ.”

प्रश्न मात्र तिनेच सुचवला. मला तो सात जन्मांत सुचला नसता. आम्ही विचारलं, ‘आत गेल्यावर लाल पट्टी कुठे ठेवतेस?’ बायकांच्या संडासात सुपरवायझर कशाला जातोय! उत्तर लगेच आलं नाही. संध्याकाळी आलं, ‘खिळ्याला टांगते, आणखी कुठे?’

आत खिळा नव्हताच. माझा संशय खरा ठरला होता, पण तिचं उतरलेलं तोंड बघून मला जराही आनंद झाला नाही. तिला खरोखरच कोणीतरी सोबतीण हवी होती. ‘खिळा नाही तिथे,’ एवढं तिने लिहिलं. त्यावर लगेच उत्तर, ‘नीट बघ उद्या.’

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ती थेट वर माझ्याकडे आली. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. आत खिळा होता. नवाकोरा, दाराशेजारच्या भिंतीत, खाली सिमेंटचा भुगा तसाच पडलेला. मला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. हे लोक आमचं अक्षर न् अक्षर वाचत होते. खिळ्याला मात्र दिवसभरात एकीनेही पट्टी टांगली नव्हती. टांगली तर दार कशाने लावणार?

ती पाणी प्यायली. 

“आम्ही साऱ्या कितीक दिवसापासून कडी मागून राहिलो, मॅडम. दर टाइमाला म्हणे, ठोकायला माणूस नई. खिळ्यासाठी बरा भेटला माणूस!”

मग मोबाइल माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “आता ते कडीचं बी लिहा.”

“तुला लाज वाटत होती ना?”

“खिळा ठोकला, त्याले वाटू द्या आता.”