मुरलेलं पाणी

दत्तोबा गेल्याचं त्याच्या मुलीला, सुरेखाला, फोनवर मीच कळवलं. राहू गावात दिली आहे तिला. ती म्हणाली, "नाना, माशांना सांगितलं का आधी?" ... त्या टोमण्याचा धनी दत्तोबा नव्हता, मी होतो. पण तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

शिरूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. रांजणगावच्या कंपनीत एकाच पाळीला, एकाच बसनं जायचो. वहिनी गेल्या, पाठोपाठ तो रिटायर झाला आणि घरात आवाजच उरला नाही. तेव्हा त्यानं पुण्याहून काचेची टाकी आणली. वाळू नुसत्या पाण्यानं धुतली, नळाचं पाणी औषधाचा वास जाईपर्यंत बादल्यांत ठेवून मग टाकीत ओतलं, हिरव्या वेली खोचल्या, बुडबुड्यांची मोटर लावली. मासा मात्र एकही नाही! तरी रोज चिमूटभर दाणा टाकायचा. गल्लीतली माणसं हसायची. मीही विचारलं, "दत्तोबा, पाण्यालाच जेवू घालतो व्हय रे?" तो म्हणाला, "दुकानदारानं सांगितलंय. लोणचं मुरतं तसं पाणीबी मुरावं लागतं. घाई केली की मासं मरत्यात." काही आठवड्यांनी दोन-चार गप्पी आले, मग आणखी थोडे. संध्याकाळी आम्ही दोघं टाकीसमोर बसायचो. तो माशांशी बोलायचा, त्यामुळं मला बोलावं लागायचं नाही.

दिवाळीच्या तोंडावर तो सुरेखाला आणायला राहूला गेला, किल्ली माझ्याकडं. लेक माहेरी येणार, घर लख्ख दिसावं म्हणून दिवाळीची भांडी घासतात तशी मी टाकीच घासली. काच, खडे, मोटरचा स्पंज, सगळं चोळून काढलं, ते मुरलेलं पाणी मोरीत ओतलं आणि थेट नळाचं भरलं. दुसऱ्या दिवशी मासे पाण्यावर उलटे तरंगत होते.

दत्तोबा आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "लाइट गेली व्हती रे. मोटर बंद पडली."

लोडशेडिंगचेच दिवस ते, कुणालाही पटलं असतं. तो मला एका शब्दानं बोलला नाही. म्हणाला, "माझंच चुकलं. मी घरी पायजे व्हतो."

पुन्हा त्यानं तितक्याच धीरानं टाकी लावली. पण त्यानंतर तो रात्रीला कुठं राहिला नाही. लाइट गेली की माशांना हवा मिळावी म्हणून तांब्यानं पाणी उचलून वरून धार धरायचा, हात भरून येईपर्यंत. सुरेखा बोलावून बोलावून थकली. नातीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि हा न जेवता परतीच्या गाडीत बसला. लेकीनं त्याची पाठ तेवढी पाहिली. राहूचं बोलावणं आलं की तो मला विचारायचा, "जाऊ का रे? टिकंल का लाइट?" आणि मी म्हणायचो, "तुझं तू बघ." खरं सांगितलं तर संध्याकाळी शेजारी बसायला माणूस उरणार नाही, एवढीच माझी भीती होती. त्यापायी त्याला त्याच्या लेकीपासून तोडलं.

दहाव्याला घाटावर कुणीतरी बोललं, "पोरीपेक्षा मासंच प्यारं व्हतं त्याला." सुरेखानं मान डोलावली. ते मला सोसलं नाही. पुढच्या आठवड्यात राहूला गेलो आणि तिला सगळं सांगितलं.

"म्हंजी आबांना यायचं व्हतं?"

"व्हय."

"आन् तुम्ही एकदाबी जा म्हणाला न्हाई."

चहा तिनं ठेवला, पण तो द्यायला ती स्वतः बाहेर आली नाही.

परवा ती टेम्पो घेऊन आली. दुधाचे कॅन खाली ठेवत म्हणाली, "जुनं पाणी समदं न्यायचंय मला." मी तांब्यानं भरून दिलं. मासे तिनं स्वतः धरले. टाकी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. "येते" म्हणाली नाही, आणि परत कधी येशील हे विचारायचा मला हक्कही नव्हता.

त्या खोलीत आता दत्तोबाची खुर्ची तेवढी आहे, मोकळ्या भिंतीकडं तोंड करून. संध्याकाळी मी जातो. त्या खुर्चीत बसत नाही. खाली, फरशीवर बसतो...